ज्यांनी लिहून दिली, त्यांना विचार

मांद्रे,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय काकी,

लांबूनच वाकून नमस्कार. आधीचा कागद फाडला, कारण सवयीनं तुझ्या नावाआधी सौ. लिहून गेले होते.

तू फोनवर येत नाहीस म्हणून लिहितेय. गौरेश उचलतो आणि 'आई झोपलीय' म्हणतो. सकाळी अकरा वाजताही तू झोपलेली असतेस. त्याचा राग मी समजू शकते. तुझी तब्येत कशी आहे तेवढं तरी त्यानं सांगावं.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, पण पोटच्या पोरीकडून उपचार घ्यायचे नाहीत असा तिचा नेम आहे. तुझ्यासाठी तिनं कोकमाची सोलं बांधून ठेवलीयत, कोणी पाळीकडे जाणारं मिळालं की पाठवते. सीझन सुरू झालाय. किनाऱ्यावरच्या खोल्या भरल्यात. माझ्या केंद्रावर यंदा परदेशी कमी आणि आपली माणसं जास्त येतात. कोरगावाहून, अगदी पेडण्याहूनही. साखर, रक्तदाब, वजन. येताना प्रत्येकाच्या हातात गोळ्यांची पिशवी असते आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो. तो तुला माहीत आहे.

आता कामाचं लिहिते.

आम्हा निसर्गोपचाराच्या डॉक्टरांना औषधं लिहून देण्याचा अधिकार नाही. आम्ही साडेपाच वर्षं शिकतो, शरीर शिकतो, रोग शिकतो, पण रक्तदाबाची साधी गोळी लिहू शकत नाही, दुसऱ्यानं लिहिलेली कमी करू शकत नाही. आता त्यावर विचार करायला समिती बसलीय. थोडा जादा अभ्यासक्रम करून परीक्षा दिली, तर ठरावीक औषधं लिहायची आणि कमी-जास्त करायची मुभा द्यावी का, असा प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात पणजीला आमची बाजू ऐकणार आहेत. आमच्या संघटनेचा स्वप्नील सगळं जमवतोय. त्याला एक उदाहरण हवंय. अधिकार नसल्यामुळे माणूस दगावल्याचं.

त्यानं काकाचं उदाहरण काढलंय. मसुद्यात काकाचं नाव नाही. 'डिचोली तालुक्यातील एक ज्येष्ठ नागरिक' असं आहे. पण पाळीत वाचणाऱ्याला कळायला किती वेळ लागेल? म्हणून तुला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

काकी, त्याची इथली गंमत तुला कोणी सांगितली की नाही कोण जाणे. पहिल्यांदा पोटावर मातीची पट्टी ठेवली तेव्हा शेजारच्या खाटेवर एक रशियन बाई होती. काका तिला मराठीतच सांगत होता, "आमच्या पाळीत ट्रक गेला की अंगावर आपोआप बसायची. हिनं कापडात बांधून दिली म्हणजे औषध झालं." ती बाई हसली. तिला काय कळलं देव जाणे. खाणीच्या वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या माणसानं मातीचा उपचार घ्यायचा, हे त्याला शेवटपर्यंत विनोदी वाटायचं. तरी यायचा. पेडण्याला उतरून दुसरी बस धरून यायचा. आधी आईकडे पेज घ्यायचा आणि मग माझ्या खाटेवर.

त्याला खरंच बरं वाटत होतं. मीठ जवळजवळ सोडलं होतं, वजन उतरलं होतं. रक्तदाब इतका खाली आला, की जुन्या मापाची गोळी त्याला जड पडायला लागली. अंगणात उठताना भोवळ यायची. मला ते दिसत होतं. गोळी अर्धी करायची वेळ आली होती. बंद करायची नाही, अर्धी.

त्यानं विचारलं, "बाय गो, आता ही गोळी सोडू मगो?"

मी म्हटलं, "ते माझ्या हातात नाही काका. ज्यांनी लिहून दिली, त्यांना विचार."

मी एवढंच म्हटलं. सोड म्हणाले नाही. बाराव्याच्या दिवशी हेच सांगायला आले होते. गौरेश पायरीवर उभा होता आणि आत तुझा आवाज येत होता, म्हणून परत फिरले. त्याला झटका आला, तेव्हा हॉस्पिटलात मला कळलं की त्यानं गोळी पूर्ण बंद केली होती. का केली, कोणाच्या सांगण्यावरून केली, हे अजून कळलेलं नाही. पाळीत सगळे म्हणतात माझ्या सांगण्यावरून. तूही तसंच समजतेस का?

तुझं उत्तर नाही असेल, तर मी स्वप्नीलला नाही सांगेन. उत्तर आलंच नाही, तरीही नाहीच सांगेन.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
गौरवी


पाळी,
२९ नोव्हेंबर २०२५

चि. गौरवी,

आशीर्वाद. राग असला तरी तो मी देतेच, त्यात खंड नाही.

तुझं पत्र मिळालं. सोलं मिळाली, आईला सांग. माझी तब्येत बरी आहे. झोपलेली नसते. गौरेशला मीच तसं सांगायला सांगते, त्याच्यावर रागावू नको.

तू विचारलंस तसं सांगते. तू यांना गोळी सोड म्हणाली नाहीस, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. कारण जिथून ते सांगणं आलं, तिथं मी बाजूला उभी होते.

हे तुझ्या सांगण्याप्रमाणे डिचोलीच्या डॉक्टरकडे गेले होते. मी पण गेले होते. यांनी सांगितलं, पुतणीकडे उपचार घेतो, दाब उतरलाय, गोळी जास्त होते असं वाटतं. डॉक्टरनं मान वर केली नाही. म्हणाला, "चिखल फासणाऱ्यांना विचारून माझ्याकडे येऊ नका. त्यांच्याकडेच जा." दाब मोजायचा पट्टा टेबलावर होता, तो त्यानं हातात घेतला नाही. हे उठले. बाहेर येऊन मला म्हणाले, "त्यानं माझा अपमान केला असता तर चाललं असतं. त्यानं पोरीचा केला."

त्यानंतर ते तुझ्याकडे परत आले होते. ते तू पत्रात लिहिलं नाहीस. तुला म्हणाले होते, "तू चल माझ्याबरोबर. तू डॉक्टरच्या भाषेत बोलशील, मग तो ऐकेल." तू म्हणालीस, "काका, आता सीझन आहे, फेब्रुवारीत बघू." मला त्यांनी घरी येऊन सांगितलं. रागानं नाही. तुझ्या केंद्रावर गर्दी आहे याचाच त्यांना आनंद होता.

मग एका सोमवारी आंघोळ करून देवळात गेले. मला म्हणाले, कौल घेऊया. गुरवानं देवीच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावल्या. यांनी गाऱ्हाणं घातलं. देवी, पोरीच्या हातून मला बरं वाटलंय. आता गोळीशिवाय चालणार असेल तर उजवी दे, नसेल तर डावी. बराच वेळ काही पडलं नाही. मी मनात म्हटलं, पडू नये. मग उजवी पडली.

देवळाच्या पायऱ्या उतरताना गोळ्यांचं पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे आता ठेव."

आता तू म्हणशील, काकी, तू का नाही बोललीस. देवीनं उजवी दिल्यावर मी काय बोलायचं होतं? आपल्या घरात मुलीची सोयरीक, विहीर खणायची जागा, तुझं कर्नाटकात शिकायला जाणं, सगळं कौलावर झालंय. तुझ्या वेळीही उजवीच पडली होती. ती खरी मानायची आणि ही खोटी, असं कसं करायचं?

गावात मात्र ते देवीचं नाव सांगायचे नाहीत. तिठ्यावर बसून तुझं सांगायचे. "माझ्या पुतणीनं माझी गोळी सोडवली." मी म्हटलं, अहो, खोटं का बोलता. तर म्हणाले, "देवीचं नाव आहेच. पोरीचं अजून व्हायचं आहे." म्हणून गाव आज तुझ्यावर बोट दाखवतं. त्यांनीच प्रेमानं ते बोट तुझ्याकडे वळवून ठेवलंय. मी एकटी कोणाकोणाचं वळवू?

तू आता समितीपुढे सांगणार, अधिकार नव्हता म्हणून माणूस गेला. मला त्यातलं कळत नाही. मला एवढं कळतं की यांनी एक साधा प्रश्न तिघांना विचारला. डॉक्टर ओरडला. तू म्हणालीस, माझ्या हातात नाही. सरळ उत्तर एकट्या देवीनं दिलं. मग माणूस कोणाचं ऐकेल?

दुसऱ्या बाजूचेही येऊन गेले हो. पणजीहून एक डॉक्टर आला होता, तुमच्या विरुद्धचा. फार गोड बोलत होता. त्याला माझी सही हवी होती, निसर्गोपचारवालीनं औषध बंद केल्यानं नवरा गेला अशी. मी त्याला चहा दिला आणि सही दिली नाही. मेलेल्या माणसाला दोन्हीकडून ओढायला लागलात तुम्ही.

तू यांचं सांग. नावासकट सांग, लपवू नको, चोरी केली नव्हती त्यांनी. पण सांगायचं तर सगळं सांग. डॉक्टरचं, तुझं आणि कौलाचंही. अर्धं सांगणार असशील, तर त्यांचं नाव तोंडात घेऊ नको.

तुझी काकी,
यशोदा


मांद्रे,
२१ डिसेंबर २०२५

प्रिय काकी,

नमस्कार. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी केंद्र उघडलं नाही. आईला वाचायला दिलं. तिनं वाचून ते घडी घालून परत दिलं. नंतर चुलीशी बसून म्हणाली, "तो तसाच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तसाच."

गुरुवारी पणजीला जाऊन आले.

स्वप्नीलला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तो डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "गौरवी, कौल काढ. बाकीचं पुरेसं आहे. डॉक्टरनं हाकललं, तुझ्याकडे अधिकार नव्हता, माणूस गेला. सरळ गोष्ट आहे. पाकळी घातलीस की आपण सगळे अंधश्रद्धाळू ठरतो." मी म्हटलं, पाकळीशिवाय काकाचं नाव घ्यायची मला परवानगी नाही. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

लांब टेबल होतं, त्यापलीकडे समितीचे सगळे. अध्यक्षा वयस्कर होत्या, स्वतः जुन्या एमबीबीएस. मी नारायणकाकाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि तू लिहिलंस त्या क्रमानं सगळं सांगितलं. कौलाशी आले तेव्हा मागं कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला अधिकार असता तर काय लिहिलं असतं?"

"अर्धी गोळी. रोज. बंद करू नये."

"त्यांनी ऐकलं असतं?"

"माझ्या सहीनं लिहिलेलं ऐकलं असतं. चौकट करून भिंतीवर लावलं असतं त्यांनी."

त्या थोडा वेळ कागद चाळत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "डॉक्टर, अर्धी करा हे लिहायला अधिकार लागतो, मान्य. पण बंद करू नका, एवढं तोंडानं सांगायला कसला अधिकार लागतो?"

काकी, समोरचा माझा मुद्द्यांचा कागद मी उलटा ठेवला.

मग मी खरं ते सांगितलं. म्हटलं, भीती वाटते. गोळीबद्दल एक शब्द काढला आणि उद्या काही झालं, तर हिनं औषधात हात घातला असं होतं. आमच्यातल्या एका डॉक्टरबाईच्या दारात पोलीस आले होते. म्हणून आम्ही एक वाक्य पाठ करून ठेवतो, आणि तेच सगळ्यांना सांगतो. अधिकार नसला की माणूस आधी हात आखडतो, मग जीभही आखडते. मला औषधं लिहायची हौस नाही. आपल्या माणसाशी त्याच्या गोळीबद्दल न घाबरता बोलता यावं, एवढ्यासाठी तो अधिकार हवाय. त्यांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

निकाल कधी लागेल ठाऊक नाही. स्वप्नील बोलत नाही. संघटनेच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, 'घरचेच वैरी.' विरोधी बाजूनं बाहेर येऊन वार्ताहरांना सांगितलं, बघा, हे म्हणे अधिकार मागतात आणि यांचे रुग्ण देवाला विचारतात. एका पेपरात चार ओळी आल्या. नाव चुकीचं छापलंय, नरेश म्हणून. मला बरंच वाटलं आणि वाईटही वाटलं.

काल मंगल नावाची बाई आली. बेळगावकडची, इथं हॉटेलात चादरी धुते. तिचंही तेच, दाब उतरलाय, भोवळ येते. गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून म्हणाली, "बाई, ह्या बंद करू काय?" मी पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, बंद अजिबात करू नका, आणि चला. बाहेर 'बंद'ची पाटी फिरवली, तिला स्कूटरवर मागं बसवलं आणि आरोग्य केंद्रात तिच्या शेजारी बाकावर बसले. आमचा नंबर यायला दुपार झाली. आतली डॉक्टर तरुण होती. माझी माहिती तिनं ऐकून घेतली, दाब दोनदा मोजला आणि गोळी अर्धी करून दिली. मंगल वाटेत म्हणाली, "एवढंच होतं होय."

एवढंच होतं, काकी.

माझी सकाळची तीन माणसं परत गेली होती. आज आली. सीझन तसाच चालू आहे.

फेब्रुवारीत वर्षश्राद्ध. मला जेवायला बसायचं नाही. मागच्या दारानं येईन, वाढायला मदत करीन, भांडी घासीन आणि जाईन. गौरेशला आवडणार नसेल तर त्याच्यासमोर येणार नाही. येऊ का?

गौरवी


पाळी,
९ जानेवारी २०२६

चि. गौरवी,

आशीर्वाद.

तू सगळं सांगितलंस हे कळलं. पेपर गौरेशनं आणला होता. नाव चुकलंय म्हणून तो इथं बसून पेपरवाल्यांना शिव्या देत होता. मग मी त्याला तुझं पत्र वाचायला दिलं. वाचून तो गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. आता तो तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही. चांगलं बोलायला त्याला वेळ लागेल. त्याला बाप नाही, एवढंच त्याला सध्या कळतं.

तिठ्यावरच्या लोकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. सांगितलं की पोरीनं सोड म्हटलं नव्हतं, कौल आम्ही घेतला होता. ऐकून घेतलं त्यांनी. एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे देवीची चूक?" मी म्हटलं, देवीला आम्ही जे विचारलं त्याचं तिनं उत्तर दिलं. अर्धी करू का असं विचारायचं आम्हाला सुचलं नाही. त्यानं मान डोलावली. माझं मात्र त्यानं समाधान झालं नाही. अजून रोज दिवा लावते. हात जोडते. मागत काही नाही.

मंगलबाईंना बरं वाटतंय ना, कळव.

आता तू विचारलंस त्याचं. तुझ्यावर माझा राग होता. खोटं नाही सांगत, मंगलचं वाचलं तेव्हा तो पुन्हा एकदा आला. तिच्याबरोबर गेलीस, आणि तुझ्या बापामागं ज्यानं तुला वाढवलं त्याच्याबरोबर नाही, असं मनात आलं. मग गेला. तू कोणाबरोबर तरी गेलीस. आता तो राग नाही.

पण यंदा येऊ नको.

कारण दुसरं आहे, ते सांगते. मांद्र्याहून येताना संध्याकाळची बस चुकली की तू यांना स्कूटरवरून सोडायला यायचीस. तू आधी आत यायचीस, 'काकी, आणला गं तुझा माणूस' म्हणायचीस, आणि हे मागं राहून चपला काढत असायचे. बाराव्याला तू पायरीपर्यंत आलीस ना, तेव्हा मी आतून तुझी स्कूटर ओळखली होती. उठून पाट मांडायला लागले. दोन पाट मांडले. मग आठवलं. तेव्हा जो माझा आवाज तू ऐकलास, तो तुझ्यावर ओरडल्याचा नव्हता.

अजून तुझ्या मागं मला चपलांचा आवाज ऐकू येईल. तो थांबला की मी स्वतः बोलावीन. तोवर पत्र लिहीत जा.

जेवत जा. गर्दी असली तरी.

तुझी,
यशोदाकाकी